नागपुरात संशोधनाची नोकरी: जाहिरात शोधण्यापासून रुजू होण्यापर्यंत

एमएस्सी किंवा एमटेक झालं की नागपुरातली बरीच मुलं-मुली दोनच दारं ठोठावतात. एक, बुटीबोरी-हिंगण्याकडची कंपनी. दुसरं, एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं, म्हणजे आपली सीएचबी. तिसरं दार मात्र वर्षभर उघडझाप करत असतं. विद्यापीठाचे विभाग, व्हीएनआयटी (केंद्राची अभियांत्रिकी संस्था), नीरी (केंद्राची पर्यावरण संशोधन संस्था), कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्था इथं प्रकल्पांवर माणसं घेतली जातात. जाहिरात दोन-तीन पानांची असते, पंधरा-वीस दिवस राहते आणि निघून जाते.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाहून शिकायला आलेली हुशार पोरं 'तिथं सगळं आधीच ठरलेलं असतं' म्हणून अर्जच करत नाहीत, हे मला फार लागतं. काही ठिकाणी तसं होतही असेल, पण वॉक-इन, म्हणजे थेट हजर राहून द्यायच्या, मुलाखतीला मोजून चार-पाच उमेदवार आलेले मी स्वतः पाहिले आहेत. त्यातले दोघे अपुऱ्या कागदपत्रांमुळे दारातूनच परतले होते. न गेलेल्या माणसाची निवड कुणीच करू शकत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी पद ओळखा

संशोधनाशी जोडलेल्या जागा तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींची वाट वेगळी आहे.

पहिली, सहायक प्राध्यापकाची कायम जागा. त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि त्यासोबत नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), सेट (तशीच राज्याची परीक्षा) किंवा नियमात बसणारी पीएचडी लागते. या जागा क्वचित निघतात आणि भरती पूर्ण व्हायला काळ लागतो. तिच्यावर नजर असू द्या, पण तिची वाट बघत हातची वर्षं घालवू नका.

दुसरी, प्रकल्पावरची जागा. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे. एखाद्या प्राध्यापकाला किंवा शास्त्रज्ञाला केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून, अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडून, वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरकडून किंवा समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआरकडून प्रकल्प मंजूर होतो. त्या पैशातून तो माणसं घेतो. पदाचं नाव ज्युनिअर रिसर्च फेलो, सीनिअर रिसर्च फेलो, प्रोजेक्ट असोसिएट, रिसर्च असोसिएट किंवा फील्ड वर्कर असं काहीही असू शकतं. प्रकल्प संपला की पद संपलं.

तिसरी वाट म्हणजे स्वतःची फेलोशिप. नेटमधून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पैसा तुमच्या नावावर येतो आणि गाइड तुम्ही निवडता. शिवाय पीएचडीला नोंदणी झालेल्यांसाठी राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. या फेलोशिपला पीएचडीची नोंदणी आधी लागते, म्हणून तिचा विचार प्रवेश घेतानाच करायचा.

एक फरक नीट समजून घ्या. सेट ही पात्रता प्राध्यापकपदासाठी आहे, तिच्यावर जेआरएफ मिळत नाही. प्रकल्पातल्या जेआरएफ पदासाठी बहुधा नेट (फक्त लेक्चररशिपचं असलं तरी) किंवा गेट ही अभियांत्रिकी-विज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा मागतात. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. यातलं काहीच नसेल तर प्रोजेक्ट असोसिएटचं पद बघा. तिथं नेट-गेट असलेल्यांना जास्त आणि नसलेल्यांना कमी असे दोन दर असतात, पण दार बंद नसतं.

नागपुरात कुठं बघायचं

'विद्यापीठ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ येतं. १९२३ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आणि अमरावती रोडवरच्या परिसरातले त्याचे पदव्युत्तर विभाग ही सुरुवात झाली. पण देशाच्या मधोमध असल्यामुळे या शहरात केंद्रीय संशोधन संस्था जितक्या आहेत, तितक्या या आकाराच्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आल्या असतील. आपल्याला त्याची जाणीव कमी आहे.

पाणी, हवा, घनकचरा, सांडपाणी या विषयांवर काम करायचं असेल तर १९५८ पासून नागपुरात असलेली नीरी. वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा कृषीवाल्यांसाठी वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अमरावती रोडची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. भूगोल, भूशास्त्र, माती, जीआयएस शिकलेल्यांनी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो सोडूच नये. त्याचं मुख्यालय इथंच आहे. उपग्रह चित्रांवर काम येत असेल तर एमआरसॅक (राज्याचं सुदूर संवेदन केंद्र) आणि इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्रही आहे. धातुशास्त्र आणि रसायनशास्त्रासाठी वाडीचं अॅल्युमिनियम संशोधन केंद्र. पशुवैद्यक आणि मत्स्यविज्ञानासाठी माफसू हे राज्याचं विद्यापीठ. अभियांत्रिकीसाठी व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी, आणि आता स्वतंत्र विद्यापीठ झालेली एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी). वैद्यकीय आणि जीवशास्त्रातल्या प्रकल्पांसाठी मिहानमधलं एम्स आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. संस्कृत आणि भारतविद्येच्या अभ्यासकांसाठी रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ. मानववंशशास्त्रवाल्यांसाठी भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं केंद्र.

पदवीचं नाव आणि संस्थेचं नाव जुळलंच पाहिजे, असं काही नाही. नीरीला संख्याशास्त्र येणारा माणूस लागतो, कापूस संस्थेला कॉम्प्युटरवाला लागतो, एम्सच्या गावपातळीवरच्या सर्वेक्षणाला समाजकार्य शिकलेली मुलगी लागते. जाहिरातीतली 'आवश्यक पात्रता' वाचून ठरवा.

जाहिरातीवर पाळत

ज्या आठ-दहा संस्था तुमच्या विषयाच्या आहेत त्यांच्या वेबसाइटवरचं 'रिक्रूटमेंट' किंवा 'करिअर्स' पान मोबाइलवर जपून ठेवा आणि आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी उघडा. प्रकल्पाच्या छोट्या जाहिराती वर्तमानपत्रात येतीलच याची खात्री नाही. काही संस्था प्रकल्पाच्या जागा मुख्य भरतीच्या पानावर न टाकता 'नोटिस' किंवा 'आर अँड डी' अशा कोपऱ्यात टाकतात, तेही बघून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी जाहिरात आली तर मूळ पानावर जाऊन ताडून घ्या. तारीख बदललेली असते, कधी जाहिरात मागच्या वर्षीची असते.

याहून उपयोगाचा मार्ग म्हणजे प्रकल्प मंजूर कुणाला झाला याची माहिती ठेवणं. मंजुरी मिळाली की काही आठवड्यांत जाहिरात येणार हे उघड आहे. तुमच्या एमएस्सीच्या सरांना-मॅडमना विचारा. विभागात सेमिनार असेल तर जा, आणि बाहेरून आलेल्या वक्त्याला संपल्यावर एक नेमका प्रश्न विचारा. याला वशिला म्हणत नाहीत. विषयात रस असलेला माणूस असाच ओळखू येतो.

जाहिरात कशी वाचायची

इथं घाई करू नका. पेन घेऊन, कागदावर छापून वाचा. इंग्रजी जड वाटली तरी प्रत्येक ओळीत काहीतरी अट असते.

प्रकल्पाचं शीर्षक सगळ्यात आधी. त्यातले दोन-तीन तांत्रिक शब्द समजले नाहीत तर त्याच दिवशी समजून घ्या. मग निधी देणारी संस्था बघा, कारण पगाराचा दर, वयाची अट आणि सुट्ट्यांचे नियम तिच्यावर ठरतात. मग प्रमुख संशोधकाचं नाव. त्यांचे गेल्या काही वर्षांतले शोधनिबंध शोधून निदान दोन वाचा.

'आवश्यक' आणि 'इष्ट' या दोन पात्रतांमध्ये गल्लत होते. आवश्यक पात्रता नसेल तर अर्ज बाद होतो. इष्ट पात्रता नसेल तर फक्त गुण कमी होतात. 'एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणारं यंत्र) हाताळण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य' एवढं वाचून अनेक मुली अर्ज सोडून देतात. सोडू नका. पण टक्केवारीची अट ५५ असेल आणि तुमचे ५४.८ असतील, तर मात्र सूट तुमच्या प्रवर्गाला आहे का ते बघा. समिती आपल्या मनानं आकडा पुढं सरकवत नाही.

वय कोणत्या तारखेला मोजणार ते शोधा: अर्जाच्या शेवटच्या तारखेला की मुलाखतीच्या दिवशी. जेआरएफसाठी बहुधा २८ आणि प्रोजेक्ट असोसिएट-१ साठी ३५ वर्षं अशी मर्यादा दिसते. राखीव प्रवर्गांना आणि स्त्रियांना सवलत असते, तिचे आकडे त्याच जाहिरातीत लिहिलेले असतात.

मुदत वाचताना दोन आकडे वेगळे ठेवा. प्रकल्प तीन वर्षांचा असू शकतो, पण नेमणूक सहा महिने किंवा वर्षभराची असते आणि काम बघून वाढते. शिवाय प्रकल्पाचे किती महिने आधीच उलटले आहेत हे महत्त्वाचं. तीन वर्षांच्या प्रकल्पातली दोन वर्षं गेल्यावर निघालेल्या जागेवर पीएचडीचं स्वप्न बांधणं अवघड आहे. हे जाहिरातीत सरळ लिहिलेलं नसेल तर विचारायचं.

पैशांचं सांगतो. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेले दर असे: जेआरएफला महिना ३७,००० रुपये, एसआरएफला ४२,०००, रिसर्च असोसिएट-१ ला ५८,०००. त्यावर घरभाडे भत्ता. या भत्त्यासाठी केंद्रानं शहरांचे गट पाडले आहेत; नागपूर 'वाय' गटातलं शहर आहे, त्या गटाचा दर लागतो. संस्थेनं हॉस्टेल दिलं तर हा भत्ता मिळत नाही. जाहिरातीत नुसतं 'एकत्रित मानधन' असं लिहिलं असेल तर भत्ता वेगळा नाही, असं समजून चाला.

अर्जासाठी शुल्क मागितलं असेल तर ते संस्थेच्या अधिकृत खात्यावर किंवा पोर्टलवरच भरा. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर 'नोंदणी' किंवा 'प्रोसेसिंग'चे पैसे मागणारी जाहिरात खोटी आहे. तिथंच थांबा.

फाइल आधीच तयार ठेवा

जाहिरात आल्यावर कागद गोळा करायला बसलात तर उशीर झाला. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र (दीक्षान्त झाला नसेल तर प्रोव्हिजनल), नेट-गेटचं स्कोअरकार्ड, जातीचा दाखला, आधार, फोटो, अनुभवाची पत्रं यांचे मूळ कागद एका फाइलमध्ये आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या फाइलमध्ये. सगळ्याचं स्कॅनही करून ठेवा. प्रत्येक फाइलला स्वच्छ नाव द्या. सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर करायचं सूत्र तुमच्या विद्यापीठानं दिलेलं असतं, तोही कागद जोडा.

ओबीसी उमेदवारांनी इथं फार काळजी घ्यावी. राज्य सरकारच्या नमुन्यातला दाखला विद्यापीठात चालतो, पण नीरी, व्हीएनआयटी, आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्था केंद्राच्या आहेत. तिथं केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. दाखला मिळायला वेळ लागतो, त्यामुळे आजच सेतू केंद्रात अर्ज करा. राज्याचा एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्रही चालू आर्थिक वर्षाचं आहे का ते तपासा.

सध्या कुठं पूर्णवेळ नोकरी करत असाल तर एनओसी (तिथलं ना-हरकत पत्र) मागतात. ती मुलाखतीच्या आदल्या दिवशी मिळत नाही.

सीव्ही आणि ईमेल

सीव्ही दोन पानांचा पुरे. वडिलांचं नाव, धर्म, छंद यांना तिथं जागा नाही. एमएस्सीच्या प्रकल्पाला मात्र अर्धं पान द्या: प्रश्न काय होता, नमुने कुठून घेतले, कोणतं तंत्र वापरलं, काय निघालं. 'यूव्ही-व्हिजिबल हाताळलं' एवढं लिहून थांबू नका. स्वतः चालवलं की चालवताना पाहिलं, तेही लिहा. मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते उघडं पडतंच, आणि खरं सांगितलेल्या उमेदवाराबद्दल समितीचं मत चांगलं होतं.

शोधनिबंध नसेल तर नसू द्या. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकात लेख टाकून सीव्ही फुगवू नका. जाणकार माणूस ते नाव वाचूनच ओळखतो. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२५ मध्ये केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही बंद केली. त्यामुळे नियतकालिकाचा दर्जा आता तुम्ही आणि तुमच्या गाइडनं मिळूनच तपासायचा आहे.

प्रमुख संशोधकाला ईमेल करायला हरकत नाही, फक्त शिफारशीचा सूर नको. जाहिरात ज्या भाषेत असेल त्याच भाषेत असं काहीसं लिहा:

'आदरणीय सर / मॅडम, आपल्या प्रकल्पातील प्रोजेक्ट असोसिएट पदाची जाहिरात मी वाचली. मी नागपूर विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी केली असून माझ्या प्रकल्पात भूजलातील फ्लोराइड मोजण्याचे काम केले. आपल्या मागील वर्षीच्या शोधनिबंधातील शोषक पदार्थाबद्दल मी वाचले आहे. प्रकल्पाचा उर्वरित कालावधी किती आहे आणि या पदावर काम करताना पीएचडी नोंदणीची शक्यता आहे का, हे कळल्यास अर्ज करताना मदत होईल.'

एवढंच. उत्तर आलं नाही तरी अर्ज करा.

मुलाखत

वॉक-इन असेल तर दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. कागदपत्रांची छाननी आधी होते आणि नोंदणीची वेळ संपली की दार बंद होतं. गावाहून येत असाल तर आदल्या रात्रीच नागपुरात मुक्काम करा, सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. प्रवासखर्च बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

समितीत प्रमुख संशोधक, विभागप्रमुख आणि एखादा बाहेरचा तज्ज्ञ असतो. त्यांना तीन गोष्टी बघायच्या असतात: पाया पक्का आहे का, हातानं काम केलं आहे का, आणि हा माणूस मधेच सोडून जाणार नाही ना.

पाया म्हणजे अवघड प्रश्न नव्हेत. पाण्याच्या प्रकल्पाला जाणाऱ्याला बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप, विचारतात. पाठ्यपुस्तकात २० अंशांवर पाच दिवस असं असतं, पण भारतीय मानकात २७ अंशांवर तीन दिवस मोजतात. हा फरक आणि त्याचं कारण, म्हणजे आपल्या हवेत सूक्ष्मजीव लवकर काम करतात हे, सांगता आलं की समितीला कळतं की याला प्रयोगशाळेतलं खरं काम माहीत आहे. कापसाच्या प्रकल्पाला जाताना बीटी कापूस देशात २००२ मध्ये आला, नंतर दोन जनुकांचं वाण आलं आणि तरीही गुलाबी बोंडअळी का परतली, हे आपल्या शब्दांत सांगता यायला हवं. मृदेच्या प्रकल्पाला जाताना विदर्भातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते ती कोणत्या खनिजामुळे, हे माहीत हवं. तुम्ही ज्या शेतात वाढलात त्या शेतातलं उदाहरण दिलं तर ते ऐकायला समितीलाही आवडतं.

आपला एमएस्सीचा प्रकल्प तीन मिनिटांत सांगण्याचा सराव करा. आधी मराठीत सांगून बघा, मग इंग्रजीत. मराठीत नीट सांगता येत नसेल तर तो विषय अजून समजलेला नाही, इंग्रजीचा दोष नाही. मुलाखतीत शब्द अडला तर 'सर, मराठीत सांगू का?' असं विचारायला अजिबात लाजू नका. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा आणि त्याच्या जवळचं जे माहीत आहे ते सांगा.

'पीएचडी करायची आहे का?' हा प्रश्न येणारच. प्रामाणिक उत्तर द्या, पण आधी रचना माहीत असू द्या. प्रकल्पात निवड झाली म्हणजे पीएचडीला प्रवेश झाला असं नाही. नागपूर विद्यापीठात 'पेट' ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतरची समितीची मान्यता वेगळी, व्हीएनआयटीत प्रवेशाची स्वतंत्र प्रक्रिया, नीरीत पीएचडी एसीएसआयआर या अकादमीमार्फत. २०२४ पासून यूजीसी-नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. फक्त पीएचडीपुरती पात्रता मिळाली असेल तर ती एका वर्षासाठीच असते.

होकार देण्याआधी

निवडपत्र हातात आलं की आनंदात लगेच सही करू नका. प्रकल्पावर आधी काम केलेल्या किंवा त्याच प्रयोगशाळेत असलेल्या मुला-मुलींशी चहावर बोला. मानधन वेळेवर येतं का, गाइड किती वेळ देतात, निबंधावर नाव कुणाचं येतं, फील्डवर मुलींना पाठवताना सोबत आणि गाडीची सोय असते का. या गोष्टी कोणत्याही जाहिरातीत नसतात आणि पुढची दोन-तीन वर्षं यांच्यावरच अवलंबून असतात. मी पद निवडताना संस्थेच्या नावापेक्षा गाइडला जास्त वजन देईन.

मानधन उशिरा येणं ही नेहमीची गोष्ट आहे. निधीचा हप्ता अडला की तीन-चार महिने हातात काही येत नाही आणि मग एकदम येतं. तेवढ्या महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि मेसची सोय आधीच करून ठेवा. घरच्यांनाही हे रुजू होण्याआधी सांगा. नाहीतर 'सरकारी नोकरी लागली' म्हणून गावभर पेढे वाटलेले असतात आणि पोरगी मेसवाल्या काकूंना पुढच्या महिन्याचं आश्वासन देत असते.

पूर्णवेळ फेलोशिप घेताना सीएचबीसारखं दुसरं मानधनाचं काम करता येत नाही. लपवून केलं आणि उघडकीला आलं तर घेतलेले पैसे परत करावे लागतात.

रुजू झाल्यावर आणि सोडताना

पहिल्याच आठवड्यात जॉइनिंग रिपोर्टची शिक्का मारलेली प्रत घ्या. रोजच्या कामाची वही तारखेनिशी ठेवा. वही संस्थेची असते, पण तिच्यातली शिस्त तुमची. आकडे दोन ठिकाणी जपा. निबंध लिहायला सुरुवात करण्याआधी लेखकांचा क्रम गाइडशी बोलून घ्या. ते बोलणं अवघड वाटतं, पण निबंध पाठवल्यावर ते जास्त अवघड होतं.

मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी: यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत स्त्री संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे, शिवाय पदवी पूर्ण करायला दोन वर्षांची जादा मुदत आहे. लग्न ठरलं म्हणून पीएचडी सोडायची गरज नाही. हा नियम छापून घरात दाखवा.

प्रकल्प संपताना किंवा सोडताना अनुभव प्रमाणपत्र त्याच महिन्यात घ्या. त्यात प्रकल्पाचं नाव व क्रमांक, निधी देणारी संस्था, पदाचं नाव, रुजू आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख, मानधन आणि केलेलं काम हे सगळं हवं. नुसतं 'काम समाधानकारक होतं' असं पत्र पुढच्या ठिकाणी उपयोगी पडत नाही. गाइड दोन वर्षांनी निवृत्त होतात किंवा बदलून जातात, आणि मग एका सहीसाठी किती दारं फिरावी लागतात हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. कार्यमुक्तीचं पत्र, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचं नो-ड्यूज, शेवटच्या महिन्याच्या मानधनाची नोंद, सगळं एकदमच मागून घ्या आणि त्याच दिवशी स्कॅन करा.